वाफ्यातलं गवत एक नाही, दोन आहेत

प्रश्न: नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. घराच्या पुढच्या अंगणात १५ फूट बाय ४ फुटांचे दोन वाफे आहेत आणि मधल्या जागेत छोटीशी हिरवळ. वाफ्यांत गुलाब, मोगरा, दोन जास्वंदी, कडेनं अबोली आणि निशिगंध. तीन वर्षांपूर्वी घर झाल्यावर बाहेरून लाल मातीची गाडी मागवून वाफे भरले. पहिलं वर्ष बरं गेलं, आता फुलांपेक्षा गवतच जास्त. माळीदादा महिन्यातून एकदा येऊन कुदळीनं सगळा वाफा उलटापालट करून देतात, त्या दिवशी वाफा आरशासारखा दिसतो. पण चार दिवसांत सुईसारखे हिरवे कोंब वर येतात आणि कडेनं लांब दोर पसरायला लागतात. शेजारच्या काकांनी मीठ टाकायला सांगितलं. दुकानदार 'गवताचं औषध' द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, दूर्वांवर औषध मारायचं नाही. पत्रलेखिकेला हवा आहे तो एकच उपाय, गवत मुळासकट आणि कायमचं घालवणारा.

उत्तर:

तुमच्या पत्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शब्द आहे, 'गवत'. पण वर्णन तुम्ही दोन वेगळ्या वनस्पतींचं केलं आहे. सुईसारखे कोंब वर काढतो तो लव्हाळा. दोरासारखी पसरते ती हरळी. या दोघांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. एकीला खणून काढावं लागतं आणि दुसरा खणल्यावर वाढतो. तुमचे माळीदादा दोघांना एकाच कुदळीनं हाणतात, आणि तीन वर्षं तुम्ही त्याची फळं भोगताय.

आधी खात्री करून घ्या. वाफ्यातला एक कोंब जमिनीलगत तोडून दांडा दोन बोटांत फिरवा. कडा लागल्या, म्हणजे दांडा तिधारी असला आणि पानं तीन बाजूंना फुटलेली असली, तर तो लव्हाळा. तो खरं म्हणजे गवताच्या कुळातलाच नाही. दांडा गोल, त्यावर उसासारखी पेरं आणि पानं दोन ओळींत असली तर हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. दोन्ही वाफ्यांत आठ-दहा ठिकाणी हे करून पाहा आणि कुठे काय जास्त आहे ते कागदावर मांडा. बहुधा हिरवळीकडच्या कडेला हरळी आणि वाफ्याच्या पोटात लव्हाळा असं चित्र निघेल. निशिगंधाजवळ मात्र जपून. त्याची कोवळी पात घाईत लव्हाळ्यासारखी वाटते आणि खुरप्याखाली कंद जातात. निशिगंधाच्या प्रत्येक गड्ड्याजवळ आधीच एक काडी रोवून ठेवा.

लव्हाळ्यापासून सुरुवात करू, कारण तुमचा खरा त्रास तो आहे. याच्या मुळाशी हरभऱ्यापासून लहान सुपारीएवढ्या काळपट गाठी असतात. तारेसारख्या बारीक दोऱ्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, जपमाळेसारख्या. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत सापडतात, पण फूटभर खोल असलेली गाठही कोंब वर काढू शकते. माळ अखंड असते तोवर पुढची गाठ वाढते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. कुदळीनं माळ तुटली की त्या सगळ्या सुट्या होतात आणि प्रत्येक जण आपापला कोंब काढतो. दहा कोंबांचे तीस होतात ते असे. उलटापालट करताना वरच्या गाठी खाली जातात, खालच्या वर येतात आणि वाफाभर पसरतात. यात माळीदादांवर राग धरू नका. त्यांना तुम्ही वाफा स्वच्छ दिसण्याचे पैसे देता, आणि त्या दिवशी तो स्वच्छ दिसतोच.

मग करायचं काय? गाठीला उपाशी मारायचं. नवा कोंब वर येतो तो गाठीत साठवलेल्या अन्नावर. पानं मोठी होऊन उन्हात काम करायला लागली की दोन-तीन आठवड्यांत ती गाठीचं देणं फेडतात आणि वर नव्या गाठीही धरतात. या मुदतीच्या आत पान कापलं तर गाठीचा नुसता खर्च होतो, जमा काहीच होत नाही. म्हणून दर १० ते १२ दिवसांनी, कोंबाला तीन-चार पानं असतानाच, अरुंद खुरपं तिरकं घालून जमिनीखाली दोन इंचांवर तो कापायचा. तिथे कांद्यासारखा एक छोटा फुगवटा असतो, तो कोंबासोबत वर आला पाहिजे. नुसतं पान ओढलं तर ते फुगवट्याच्या वरच तुटतं आणि आठवड्यात पुन्हा हजर होतं. एका गाठीवर अनेक डोळे असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीच फरक पडत नाही असं वाटेल. नेमके तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. पुढे कोंब बारीक आणि फिके यायला लागतात, ती गाठ रिकामी होत चालल्याची खूण. एका फेरीची सुट्टी मात्र महागात पडते. पावसाळ्यात तीन आठवडे गावाला गेलात तर परत आल्यावर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात.

एकूण १२० चौरस फूट थोडेथोडे वाटून घेतले तर आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं पुरतात. माळीदादांशीही ठरवून घ्या, महिन्यातून एकदा अर्धा दिवस येण्याऐवजी दर दहा दिवसांनी तासभर यायचं, आणि वाफ्यात कुदळ चालवायची नाही. पैसे तेवढेच, काम वेगळं.

लव्हाळा नुकताच, वाफ्याच्या एखाद्याच कोपऱ्यात आला असेल, तेवढ्यापुरतं खणणं योग्य आहे. कोंबाभोवती फूटभर रुंद आणि फूटभर खोल मातीचा ढेकूळ अख्खा उचलायचा, रेती चाळायच्या बारीक जाळीवर फोडून चाळायचा आणि गाठी वेचून काढायच्या. जाळीची भोकं पाव इंचाहून मोठी नकोत. पण अर्ध्याहून जास्त वाफ्यात पसरल्यावर हा उद्योग करू नका, कंबर मोडते आणि गाठी तरीही राहतात.

आता हरळी. तुमच्या पत्रात हिरवळीचा उल्लेख ओझरता आहे, पण हरळीचं माहेर तेच असावं. आपल्याकडची बरीचशी हिरवळ हरळीच्याच जातीची असते. जिला पाणी घालून वाढवता, तीच चार बोटं इकडे सरकली की तण होते. ती दोन वाटांनी येते. जमिनीवरून धावणारा दोर पेरापेरावर मुळं धरत पुढे जातो, आणि जमिनीखालून पांढरी, टोकदार, कडक खोडं घुसतात. 'हरळीच्या मुळीसारखा वंश वाढो' असा आशीर्वाद आपल्याकडे उगाच देत नाहीत. एक पेर असलेला बोटभर तुकडा मातीत राहिला तरी त्याला फूट येते. म्हणून फावडं आणि कुदळ इथेही नको, ती एका खोडाचे दहा तुकडे करतात. चार दातांचा काटा वापरा, दुकानात गार्डन फोर्क म्हटलं की मिळतो. तो कापत नाही, उचलतो.

हे काम वाफसा असतानाच करा. पाणी दिल्यावर माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टिचकी मारली की फुटतो, तो वाफसा. लाल मातीत तो एक-दोन दिवसांनी येतो, काळ्या मातीला जास्त दिवस लागतात. ओल्या मातीत खोडं चिखलासकट तुटतात आणि कोरड्यात मधेच मोडतात. आधी वरचे दोर कापून गुंडाळून काढा. मग हिरवळीकडच्या कडेपासून आत सरकत, काटा आठ-नऊ इंच खोल घालून माती हलकेच उचला आणि पांढरी खोडं हातानं माग काढत ओढा. तुटलं तर टोक शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. पंधरा दिवसांनी उरलेले तुकडे फुटून स्वतःच पत्ता सांगतील, तेव्हा दुसरी फेरी, आणि महिन्यानं तिसरी. हरळीचं काम असं तीन-चार फेऱ्यांत आटोक्यात येतं, लव्हाळ्यासारखं वर्षभर चालत नाही.

आत्ता, परतीचा पाऊस थांबल्यावर, त्यासाठी चांगला मुहूर्त आहे. गुलाबाची छाटणी याच सुमारास करायची असते. फांद्या कमी झाल्या की आळ्यात हात जातो. पण छाटणीनंतर वाफ्यात ऊनही मोकळं पडतं आणि हरळीला सावली सोडून सगळं चालतं, म्हणून छाटणी आणि खोडं वेचणं एकाच आठवड्यात उरका. गुलाबाच्या खोडाभोवतीच्या सहा इंचांत काटा घालू नका. गुलाबाची अन्न घेणारी बारीक मुळं तिथे वरच असतात. तेवढी जागा हातानंच. एखाद्या गुलाबाच्या मुळांत हरळी विणल्यासारखी बसली असेल, तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाड उचलून, मुळं बादलीत धुऊन, खोडं काढून पुन्हा लावता येतं. जास्वंदीसाठी एवढा खटाटोप करू नका, तिची फांदी लावून नवं रोप करणं सोपं.

हरळी काढल्यावर पहिलं काम म्हणजे सरहद्द. हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या गाडा, नऊ इंच ते फूटभर खोल आणि दोन इंच जमिनीच्या वर. सांधे सिमेंटनं भरा, नाहीतर सांध्यातूनच वाट काढेल. नुसत्या विटा ठेवल्या तर हरळी खालून येते आणि विटांच्या आडोशानं तुम्हाला दिसतही नाही. फरशी लावली तरी वरून उडी मारणारे दोर दर पंधरा दिवसांनी कात्रीनं छाटावे लागतात. फरशीच्या हिरवळीकडच्या बाजूला चार इंचांची पट्टी उघडी ठेवून खडी टाकली तर दोर लगेच नजरेस पडतात.

काढलेलं कुठे टाकता, याचाही विचार करा. हरळी पत्र्यावर किंवा फरशीवर कडक उन्हात पसरून, हातात मोडेपर्यंत वाळली की कंपोस्टात चालेल. ओली टाकली तर खताच्या खड्ड्यातच जोम धरेल. लव्हाळ्याच्या गाठी कंपोस्टात नकोतच. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात महिनाभर ठेवा, मग फेका. पाण्यात बुडवून मरतील या भरवशावर राहू नका. (दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच जातकुळीतल्या गाठींचा असतो. तुमच्या वाफ्यातल्या पिकाला मात्र कोणी गिऱ्हाईक नाही.)

दोन्ही तणांची समान दुबळी बाजू म्हणजे सावली. 'वाफा उघडा आणि साफ दिसला पाहिजे' ही तुमची अपेक्षा मला इथे तपासावीशी वाटते. उघडी, ओली, खत घातलेली माती म्हणजे दोघांनाही आमंत्रण. झाडांमध्ये रिकामी जागा ठेवू नका. पावसाळ्यात एक-एक फुटावर झेंडू, गुलाबांच्या पुढे दाट अबोली लावा. मोठी रिकामी पट्टी असेल तर काही महिने रताळ्याचा वेल सोडा, तो जमीन पूर्ण झाकतो. ज्या भागात काहीच लावायचं नाही तिथे पावसाच्या सुरुवातीला ताग दाट पेरा. हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवं पीक मातीतच कुजवण्यासाठी, चौरस मीटरला पाच-सहा ग्रॅम बी घेतात, तुम्ही दुप्पट घ्या. दीड महिन्यानं फुलावर यायच्या बेतात कापून तिथेच पसरवा.

झाडांमधल्या जागेवर तीन इंचांचं आच्छादन हवं. एका वाफ्याला दाबून भरलेल्या सात-आठ गोण्या पालापाचोळा किंवा उसाचं पाचट लागेल. लोक इथे हात आखडता घेतात आणि एक इंच पसरून ठेवतात, त्यातून सगळं उगवतं. हरळी वेचून झाल्यावर आच्छादनाखाली कुरिअरच्या खोक्यांचा पुठ्ठा, चिकटपट्टी काढून, सहा इंच एकावर एक चढवून आणि पाण्यानं भिजवून अंथरला तर राहिलेले तुकडे पुष्कळसे गुदमरतात. लव्हाळा पुठ्ठा भोसकून वर येतो, पातळ प्लॅस्टिकही भोसकतो. पण तेव्हा तो एकटा, लांबट आणि अशक्त असतो, म्हणून चटकन दिसतो आणि कापता येतो. पुठ्ठा झाडाच्या खोडापासून चार बोटं आणि घराच्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. कोरडा राहिला तर वाळवी लागते.

घोळ, आंबुशी, केना असली बियांवर येणारी तणं एवढ्यानंच आवरतात. गाजरगवत दिसलं तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून उपटा.

आता काकांचं मीठ. मिठानं पानं जळतात, गाठी मरत नाहीत, आणि मीठ मातीतच राहतं. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासं होतं, वर खपली धरते. गुलाब तर खारटपणाला आधीच नाजूक. गवताच्या आधी तोच जाईल. उकळतं पाणी आणि व्हिनेगर वरचं पान भाजतात, याहून जास्त काही नाही.

दुकानातल्या औषधाबद्दल स्पष्ट लिहितो. '२,४-डी' हाती दिलं तर घेऊ नका. ते रुंद पानांच्या वनस्पतींवर चालतं, म्हणजे हरळी राहील आणि गुलाब, जास्वंद, मोगरा जातील. त्याची वाफ आणि तुषार दूर जातात, आणि द्राक्षवेल त्याला फार हळवी असते. नाशिकमध्ये राहून हा धोका पत्करू नये. ग्लायफोसेट दोन्ही तणांच्या मुळापर्यंत जातं हे खरं, पण केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशानं ते वापरण्याची मुभा फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांना ठेवली. शिवाय गुलाबाची हिरवी साल ते शोषून घेते. नुकसान त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या फुटीला पानं बारीक, दोरीसारखी येतात. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, त्याची चर्चा तुमच्या कानावर येईल. पण ते उसाच्या शेतासाठीचं औषध आहे, दहा जातींची फुलझाडं असलेल्या वाफ्यासाठी नव्हे. फक्त गवतं मारणारी जी औषधं मिळतात, ती लव्हाळ्याला हातही लावत नाहीत. भरल्या फुलवाफ्यात मी फवारा सुचवणार नाही.

एक मोठा पर्याय उरतो, वाफा पूर्ण रिकामा करणं. दोनपैकी ज्या वाफ्यात लव्हाळा आटोक्याबाहेर असेल आणि झाडं थोडी असतील, तिथे याचा विचार करा. थंडीत गुलाब धुऊन कुंड्यांत काढा. एप्रिल-मेमध्ये वाफ्याचं पाणी तोडा, माती सहा-आठ इंच उकरून ढेकळं फोडा आणि दर पाच-सहा दिवसांनी दाताळ्यानं वर-खाली करा. गाठी पुरत्या वाळल्या की मरतात. कडक उन्हात वरच्या गाठींना दोन आठवडे पुरतात, पण ढेकळाच्या पोटातली गाठ ओलीच राहते, म्हणून ढेकळं फोडणं टाळू नका. इथे खणायला सांगतोय, कारण आता माती कोरडी आहे आणि तशीच राहणार आहे. खणून पाणी दिलंत की वर सांगितलेलं सगळं उलटं होतं. एखादा वळीव पडला तर मोजणी पहिल्या दिवसापासून. पारदर्शक प्लॅस्टिक ओल्या मातीवर ताणून, कडा गाडून पाच-सहा आठवडे ठेवण्याची पद्धत तणांच्या बियांवर उत्तम चालते, लव्हाळ्यावर अर्धवट. निवड करायची तर तुमच्या बाबतीत कोरडं उन्हच बरं.

'कायमचं' या शब्दाबद्दल. हरळी शेजारून येत राहणार आणि लव्हाळ्याच्या काही गाठी खोल झोपलेल्या राहणार. नेटानं एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलात तर दुसऱ्या वर्षी वाफ्यात मोजता येतील एवढेच कोंब उरतील. तेवढे दहा मिनिटांत निघतात. पाइपानं सगळा वाफा भिजवण्याऐवजी प्रत्येक झाडाच्या आळ्यात पाणी आणि खत दिलंत तर आणखी कमी. शेणखत पुरतं कुजलेलंच घ्या, कच्च्या शेणात गवताचं बी जिवंत असतं.

सासूबाईंचं म्हणणं मोडायची गरज नाही. एका १२ इंची कुंडीत वाफ्यातल्याच हरळीचे पाच-सहा दोर लावा, उन्हात ठेवा, आठवड्यातून एकदा छाटा. चतुर्थीला २१ कोवळ्या दूर्वा आरामात मिळतील आणि त्या रस्त्याकडेच्या नसतील. फक्त कुंडी मातीवर ठेवू नका, भोकातून खाली उतरते. फरशीवर किंवा कट्ट्यावर ठेवा.

तुमच्या वाफ्यात लव्हाळा आला तो बहुधा त्या लाल मातीच्या गाडीतूनच. रोपवाटिकेतल्या पिशव्यांतूनही तो येतो, म्हणून नवं रोप लावण्याआधी पिशवी फाडून गोळ्याच्या कडा तपासा. आणि पुढच्या वेळी माती मागवाल तेव्हा गाडी उतरवून घेण्याआधी घमेलंभर नमुना आणा, ओला करून १५ दिवस उन्हात ठेवा. टोकदार, तिहेरी पानांचा एक जरी कोंब आला तरी ती माती घेऊ नका.